लिंक आली, वेग नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

चिप डिसेंबरअखेर येणार. बंगळूर ऑफिसच्या मृणाल मॅडमनी सकाळी कॉलवर सांगितलं. दोन वर्षं जिच्यावर काम केलं ती आजवर फक्त कॉम्प्युटरच्या आत होती. आता हातात येईल. शेजारच्या टेबलावरचा ओंकार म्हणाला, "बारशाची तयारी करा की मग." कोल्हापुरात राजारामपुरीत, साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. वर आम्ही एआयच्या चिपा तपासतो, खाली गिऱ्हाइकाला काठ उलगडून दाखवतात.

घरी सांगितलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, खोकत होते. थांबल्यावर म्हणाले, "करती काय ती चिप? नीट सांग. लोक इचारत्यात, मला सांगता येत न्हाय."

सांगितलं. एआयच्या मोठ्या मशीनमध्ये हजारो प्रोसेसर एकमेकांशी बोलत असतात, इतक्या वेगानं की हातभर तारेतसुद्धा बोलणं विरून जातं. आमची चिप मधे बसते. अलीकडचं ऐकते, समजून घेते, पलीकडे पुन्हा स्वच्छ बोलते.

"मदला माणूस हाय म्हण की."

"हो."

"मदला माणूस आपलं मीठमिरची घालतोय."

"आमचा नाही घालत."

"मग त्यो उपाशी मरंल."

हसता हसता पुन्हा खोकला. बराच वेळ.

६ नोव्हेंबर

अण्णांच्या टीबीच्या गोळ्यांचा कोर्स संपत आला. वजन वाढत नाही, खोकला तोच. दिवाळीपर्यंत कामावर जात होते, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत, साच्यांच्या वाळूच्या खात्यात. "गोळ्या चालू हाईत की, मग काय हुतंय?" आता जिना चढताना मधे थांबतात आणि शेजाऱ्यांशी बोलायला थांबल्यासारखं करतात. काल तिथे कुणीच नव्हतं.

ऑफिसातून आले की विचारते, "बरं आहे ना?"

"बरं हाय."

मग मी लॅपटॉप उघडते.

१० नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट सापडली. नीट लिहून ठेवते.

दोन टोकं जोडली की ती आधी हळू बोलतात. ओळख पटली की टप्प्याटप्प्यानं वेग वाढवतात. याला लिंक ट्रेनिंग म्हणतात. आमच्या सगळ्या टेस्ट शेवटी एकच प्रश्न विचारतात: लिंक आली का? आली, की पास. आज मी सहज पुढचंही छापून पाहिलं, वेग किती आणि सोळापैकी किती लेन, म्हणजे बोलण्याच्या समांतर वाटा, चालू. एका केसमध्ये लिंक आली होती, पण आठच लेनवर, तीही खालच्या वेगावर. कुठे एरर नाही, तक्रार नाही. मुकाट्यानं अर्ध्या ताकदीवर चालू. आणि हे आम्ही महिनोन्‌महिने पास म्हणत आलो. मीही.

१२ नोव्हेंबर

मीटिंग. जयंत सर (आमचे इथले लीड) म्हणाले, "सारिका, चिप कारखान्यात गेली. आता बग काढून काय लोणचं घालायचं?" सगळे हसले. मृणाल मॅडम हसल्या नाहीत. त्या मूळच्या निपाणीच्या, कॉलवर इतरांशी इंग्रजी, माझ्याशी मराठी. "बग खरा का तुझी टेस्ट चुकीची, ते आधी दाखव की गं."

दाखवते. लोणचं तर लोणचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोडोलीला गेलो होतो, तात्यांकडे. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, शेत तेच बघतात. मला बघायला आजऱ्याचे पाहुणे आलेले. मला आधी सांगितलंच नव्हतं. तात्या म्हणतात, "सांगितलं असतं तर आली असतीस व्हय?" नसते आले.

पाहुण्यांनी अण्णांना विचारलं, "पावणं, आपलं काम काय?"

"शेती."

तात्यांनी लगेच पुढे ओढलं, "उत्तम शेती. बाकी काय खरं न्हाय." पाहुण्यांनी माना हलवल्या.

अण्णांचं अख्खं आयुष्य फाउंड्रीत गेलं. शेत म्हणजे तात्यांच्या रानातला आमचा एक तुकडा, अण्णा तिथे वर्षातून एकदोनदा उभे राहतात. पण आमच्यात असंच सांगतात. नोकरी लोकाची, शेती आपली. खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही. मलाही कधी वाटलं नाही. शाळेत, कॉलेजात, वडील काय करतात म्हणून विचारलं की शेती.

मग मला विचारलं. "काम्पुटर न्हवं? म्हंजे घरात बसून हुईल."

म्हटलं, होईल की. तुमच्या मुलाचं काम पण घरात बसून होतं का?

आई मागून डोळे वटारत होती. निघताना पाहुण्यांतले म्हातारे अण्णांना म्हणाले, "खोकला जुना दिसतोय." अण्णा म्हणाले, "हवा बदलली."

आजऱ्याहून काही येणार नाही. बरं झालं.

२१ नोव्हेंबर

हे लिहायला नको वाटतंय. तरी.

ओंकारच्या काकांनी सुचवलेल्या छातीच्या डॉक्टरांकडे अण्णांना नेलं. जबरदस्तीनंच. डॉक्टर म्हातारे, कमी बोलणारे. जुने-नवे फोटो काचेवर लावले. विचारलं, "थुंकीत जंतू कधी सापडले होते?"

"न्हाय सापडले. पर फोटूत डाग हाईत म्हणून गोळ्या चालू केल्या."

"काम काय करता, काका?"

"शेती."

मी शेजारीच बसले होते. ऐकलं आणि काहीही वाटलं नाही. कानाला सवयीचा शब्द. डॉक्टर फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेतकऱ्याची छाती अशी नसते. दगड फोडायला होता कुठे? खाणीत?"

अण्णांची मान खाली. मला तेव्हा कळलं, काय विचारताहेत ते. तोंड उघडेपर्यंत आईच बोलली, "वाळूत हुते की वो. फाउंड्रीत. माझं लगीन झाल्यापासनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाय," आई म्हणाली. पण विचारलं होतं. सगळ्यांनी विचारलं होतं. आणि आम्ही सगळ्यांना शेती सांगितलं होतं.

सिलिकोसिस. वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, मग फुप्फुस आखडत जातं. औषधानं निघत नाही. आहे ते जपायचं. मी विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, "तर काम लवकर सोडता आलं असतं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे गोळ्या घेत घेत अण्णा रोज त्याच वाळूत जात होते. आणि मी डबा भरून देत होते.

२२ नोव्हेंबर

अण्णा आईशी बोलत नाहीत.

"चारचौघांत सांगायची काय गरज हुती?"

"डाक्टर म्हंजे चारचौघं व्हय?"

"तिथं पोरगी हुती."

पोरगी म्हणजे मी. मला काय माहीत नव्हतं? त्यांच्या शर्टाची वाळू झाडूनच मोठी झाले. पण माहीत असणं वेगळं आणि माझ्यासमोर कागदावर चढणं वेगळं, असं त्यांना वाटत असणार. डॉक्टरांनी शेती खोडून वर फाउंड्री कामगार लिहिलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं.

२५ नोव्हेंबर

ऑफिसला गेले, पण काम सुचलं नाही. आमच्या चिपा ज्या मशीनमध्ये बसणार ती मशीनं छातीचे फोटो वाचतात म्हणे, डॉक्टरपेक्षा जलद. मी हे कॉलेजात भाषणात सांगितलं होतं. बक्षीसही मिळालं होतं. गावोगावी तज्ज्ञ पोचेल वगैरे. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण समोर बसलेल्या माणसानं शेती सांगितलं आणि शेजारी बसलेल्या शिकलेल्या मुलीनं मान डोलावली, तर मशीन तरी काय करणार?

बग खरा निघाला. तीन वेगळ्या तऱ्हांनी दाखवला. जयंत सर म्हणाले, "ठीकाय बाई, जिंकलीस." मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. लिंक आली का, एवढंच विचारत होतो. घरीसुद्धा मी एवढंच विचारत होते.

आजपासून वेगळं विचारायचं. आडवं पडून झोप लागली का बसून? अर्धी भाकरी गेली का चतकोर? जिन्यात किती वेळा थांबलात?

"पोलिसागत इचारू नगंस," अण्णा म्हणाले. पण सांगितलं. बसून. चतकोर.

३ डिसेंबर

आज अण्णांनी विचारलं, चिप कशाची असते?

मला टाळायचं होतं. पण थापा मारायच्या नाहीत असं ठरलंय. म्हटलं, सिलिकॉनची. ते कशातनं निघतं? वाळूतनं.

थोडा वेळ बघत राहिले माझ्याकडे. मग, "म्हंजे तू बी वाळूवरच पोट भरतीस."

"हो."

"तुजी वाळू लई महाग असंल."

"धूळ अजिबात चालत नाही तिला. चिपा करतात तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून जातात. चिपेवर कण पडू नये म्हणून."

बोलून गेले आणि कळलं काय बोलले.

अण्णा म्हणाले, "वाळू नशीबवान हाय की." आणि आईला हाक मारली, चहा टाक म्हणून. बारा दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

१४ डिसेंबर

ऑक्सिजनचं मशीन आलं घरी. गुरगुरतं सारखं. एक नळी नाकाला. सध्या झोपताना आणि जेवल्यावर. तात्या बघायला आले, कोपऱ्यात उभे राहिले, मशीनकडेच बघत होते. "फिरीजएवढं हाय की," म्हणाले. अण्णा म्हणाले, "आता कारखानाच घरला आलाय. मला जायला नगो."

तात्या जाताना जिन्यात रडले. मला म्हणाले, "मीच त्याला धाडलं हुतं गं फाउंड्रीत. दोघं खायला रान पुरत नव्हतं." मग डोळे पुसून, "कुणाला सांगू नगंस." कुणाला सांगणार?

२९ डिसेंबर

चिप आली! बंगळूरच्या लॅबमध्ये. मृणाल मॅडमनी फोटो पाठवला. पहिल्या आठवड्यात माझी केस खऱ्या चिपवर चालवायची, म्हणून मला यायला सांगितलंय. दोन आठवडे.

मी नाही म्हणणार होते. अण्णांनी आईला विचारलं, ती काय पुटपुटती? आईनं सांगितलं.

"जा," अण्णा म्हणाले.

"पण..."

"पण काय? बारशाला आईच न्हाय गेली तर नाव कोण ठेवणार?" म्हणजे ओंकारचा विनोद मी घरी सांगितला होता तर.

बॅग आईनं भरली.

६ जानेवारी, बंगळूर

नखाएवढी आहे. खरंच. एवढ्यासाठी दोन वर्षं.

आधी साधी टेस्ट. लिंक आली, सोळा लेन, पूर्ण वेग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हैसूरपाक फिरवला. दुपारी माझी केस. आठ लेन. खालचा वेग. एरर नाही. जसंच्या तसं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मृणाल मॅडमनी माझा हात हातात घेतला. "तू नसतीस तर हे गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये सापडलं असतं. किंवा सापडलंच नसतं."

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? वाईट गोष्ट खरी ठरली आणि मला आनंद झाला.

घरी फोन. "बरं हाय." चतकोर का अर्धी? "अर्धी." छान.

९ जानेवारी, बंगळूर

अर्धी वगैरे काही नव्हतं. त्यांना परवाच ॲडमिट केलंय.

आईशी बोलत होते. ती म्हणत होती, जरा सर्दी हाय, झोपल्यात. तेवढ्यात मागून कुणी बाई ओरडली, "पेशंटजवळ एकच माणूस थांबा!" मी म्हटलं, आई, कुठे आहेस? ती रडायला लागली. "त्यांनीच शपथ घातली. तिची चिप आलीया, तिला मधनं उठवू नका म्हणाले."

मी इतकी हुशार. मी बंद यंत्राच्या पोटातल्या हरवलेल्या आठ लेन शोधते.

मॅडमना सांगितलं. त्यांनी स्वतः गाडीचं तिकीट काढलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे वडील आजारी होते तेव्हा मी थांबले होते गं. लॅबमध्ये." पुढचं मी विचारलं नाही.

११ जानेवारी

अण्णा मास्कमध्ये. डोळे तेवढे मोठे झालेत.

"चाललं का तुजं?"

"चाललं."

"मग आलीस कशाला?"

मी त्यांचा हात धरून बसले. पूर्वी हाताला वाळूचा, तापल्या लोखंडाचा वास असायचा. आता साबणाचा येतो. हाताचं वजनही नाही.

१३ जानेवारी

नर्सनं नवीन केसपेपर केला. मी सांगितलं, फाउंड्री. अण्णा ऐकत होते. या वेळी तोंड फिरवलं नाही. थकल्यामुळे असेल.

शेजारच्या कॉटवर गारगोटी गावचे एक काका. त्यांनाही हाच आजार असावा, अण्णांसारखंच बसून झोपतात. त्यांच्या मुलाला मी विचारलं, काय करायचे? तो म्हणाला, "शेती." मी त्याला बाहेर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, बहिणीचं लगीन ठरलंय. एवढं हुंदे, मग सांगतो."

मी राउंडला डॉक्टरांना सांगितलं. चूक की बरोबर, माहीत नाही. तो मुलगा आता माझ्याशी बोलत नाही.

२० जानेवारी

घरी आलो. नळी आता दिवसभर. मशीन भिंतीजवळ, प्लग तिथेच म्हणून. वीज गेली तर ऑक्सिजनची मोठी टाकी आहे, ती कशी उघडायची ते आईला चारदा शिकवलं. पाचव्यांदा तिनं मला करून दाखवलं आणि म्हणाली, "आता गप बस."

बगवर उतारा सापडला. चिप बदलावी लागणार नाही. चिपेबरोबर जाणारा जो प्रोग्रॅम असतो त्यात दुरुस्ती. लिंक आली की तो स्वतःच विचारेल, सगळ्या लेन आल्या का? नसतील तर पुन्हा ओळखीपासून सुरू. ओंकारनं पेढे आणले. मी एक अण्णांसाठी ठेवला, त्यांनी तुकडा तोडला आणि उरलेला आईला दिला.

२३ जानेवारी

जयंत सरांनी बोलावलं. या चिपचं कोल्हापूरचं काम फेब्रुवारीत संपतंय, पुढचं सगळं बंगळूरच्या लॅबमध्ये. मॅडमनी माझंच नाव मागितलंय. कायमचं. महिनाअखेर सांगायचं.

"असली संधी इथं कुणाला मिळालेली नाही," सर म्हणाले. खरं आहे. मला हवी आहे. इतकी हवी आहे की घरी येताना उचगावच्या फाट्यावर उतरायचं राहिलं, पुढच्या स्टॉपवरून चालत आले.

आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. कढई पालथी घालून म्हणाली, "जा म्हणायला तोंड हुईना. ऱ्हा म्हणायला बी हुईना."

अण्णांना सांगितलं नाही. पण घर केवढं? दोन खोल्या. त्यांना कळलं असणारच.

२६ जानेवारी

डॉक्टर घरी येऊन गेले, मी खाली सोडायला गेले तेव्हा विचारलं, किती दिवस? म्हणाले, "वर्ष काढतील. किंवा या थंडीत... सांगता येत नाही." मी म्हटलं, अंदाज तरी? ते म्हणाले, "अंदाज सांगितला की तू त्यावर हिशेब मांडशील. मांडू नको."

मांडलाच होता. वर्ष निघालं तर काय, महिनाच निघाला तर काय. माणसाच्या श्वासावर असा हिशेब मांडणारी मी कोण झाले?

२९ जानेवारी

घरून काम. सकाळी कॉल होता. नेहमी मी माईक बंद ठेवते, मशीनच्या गुरगुरीमुळे. आज बोलायची पाळी आली तशी माईक उघडला.

मॅडम म्हणाल्या, "मागं कसला आवाज गं?"

"वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन."

'ऑक्सिजन' एवढा शब्द मराठी न कळणाऱ्यांनाही कळला. मी उतारा समजावून सांगायला लागले, तर अण्णा कॉटवरून खूण करत होते. लॅपटॉप फिरव. मी फिरवला. त्यांनी टोपी नीट केली आणि दोन्ही हात जोडले. पलीकडे त्या लहान लहान चौकटींतून सगळ्यांनी हात जोडले.

ओंकार म्हणाला, "काका, लवकर उठा, तांबड्या रश्श्याला बोलवा की आम्हाला."

अण्णांनी दम गोळा केला. "तुमी मटान घिऊन या... आमी खातो."

मॅडम हसल्या आणि मग त्यांनी कॅमेरा बंद केला.

कॉल संपला. लॅपटॉप मिटला. अण्णा उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "चांगली मानसं हाईत."

"हो."

आई खाली दळण आणायला गेली होती. उन्हाची तिरीप त्यांच्या पायावर आलेली, मी पडदा ओढायला उठले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." तीनचार श्वास. मग म्हणाले,

"जातीस?"

आजवर प्रत्येक वेळी 'जा' म्हणाले. कॉलेजला जा, ऑफिसला जा, बंगळूरला जा. विचारलं कधीच नव्हतं. 'जा' म्हणाले असते तर मला 'नाही' म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, चहा टाकते.

कपभर चहाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ मी गॅसपाशी उभी राहिले. चहा घेऊन आले तरी ते माझ्याकडेच बघत होते.